घागरीला दोन लेबलं

“शनिवारपर्यंत! फक्त शनिवारपर्यंत थांबा तुम्ही. नाऊनचे पाचही प्रकार पोरीच्या जिभेवर नाही नाचवले, तर माझं बी.ए.चं सर्टिफिकेट चुलीत घालते!”

मुक्तानं ही घोषणा केली तेव्हा मल्लिकार्जुन अर्ध्या गालाची दाढी करून बसला होता. उरलेल्या अर्ध्या गालावर साबण वाळत चालला होता, कारण आरसा मुक्ताच्या हातात होता आणि बोलण्याच्या भरात ती तो हवेत नाचवत होती.

“अगं, आपल्याकडं चूल कुठाय? स्टोव्ह आहे.”

“मग स्टोव्हवर जाळते!”

मल्लिकार्जुन रेल्वेच्या मालगोदामात कारकून होता. आलेला माल उतरवून घ्यायचा आणि गेलेल्या मालाची चौकशी करायची नाही, हा तिथला नियम त्यानं संसारालाही लावला होता.

आता एवढं रागवायला झालं होतं काय? झालं होतं ते समोरच्या बिऱ्हाडात.

शुक्रवार पेठेतल्या ईरम्माच्या दुमजली घरात वरच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं. इकडं मुक्ता, तिकडं सुंदरम्मा. मधे एक सज्जा, इतका अरुंद की एकीनं फोडणी दिली की दुसरीला ठसका लागावा. मुक्ताची महानंदा आणि सुंदरम्माची भाग्या, दोघी एका शाळेत, एका वर्गात, एका बाकावर. पाचवीत इंग्रजी नवीनच सुरू झालेलं. पहिल्या चाचणीत भाग्याला वीसपैकी अठरा मार्क पडले. महानंदाला अकरा!

बरं, सुंदरम्मा कोण? चौथी शिकलेली, तीही तेलुगू शाळेत! नवरा मागावर चादरी विणायचा आणि ही दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. आणि मुक्ता? बी.ए.! आता बी.ए.ला इंग्रजीत किती मार्क होते, हे तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा आपणही विचारू नये. पण डिग्री ती डिग्री.

त्या अकरा मार्कांनी मुक्ताचा जीव खाल्ला. भाकरी थापताना अठरा थापा पडल्या की तिला भाग्या आठवायची. वेणी घालताना महानंदाच्या डोक्याकडं ती अशी बघायची, जणू आतलं सात मार्कांचं भोक वरून दिसतंय का पाहावं. आणि संध्याकाळ झाली की कपडे काढायच्या निमित्तानं ती सज्ज्यात उभी. समोर उघड्या दारात भाग्या पुस्तक घेऊन आईपुढं बसलेली. ती इंग्रजीत घडाघडा काहीतरी म्हणायची, आणि सुंदरम्मा विडी वळता वळता मान हलवायची.

“मान हलवते हो!” मुक्ता घरात येऊन फणफणायची. “कळतं काय म्हणून हलवते?”

“तू एवढी बघत उभी राहतेस, तर विचार की,” मल्लिकार्जुन म्हणायचा.

“मी? तिला? बी.ए. होऊन?”

त्यात शाळेतून बातमी आली. शनिवारी साहेब तपासणीला येणार. साहेब जुन्या वळणाचे, व्याकरणाशिवाय इंग्रजी मानतच नाहीत. पाचवीतली एक मुलगी व्यासपीठावर उभी राहून नाऊनचे प्रकार उदाहरणांसकट सांगणार. आयांनाही बोलावणं आहे. मुलगी कोण, ते वर्गाच्या शेखबाई शुक्रवारी ठरवणार.

ठरवणार कसलं! मुक्ताला व्यासपीठ दिसायला लागलं. त्यावर भाग्या. टाळ्या. आणि मागच्या रांगेत सुंदरम्मा मान हलवतेय.

म्हणून ती घोषणा.

योजना मुक्ताच्या डोक्यात तयार होती. पाठांतर नाही, वस्तू! घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या नाऊनची चिठ्ठी लावायची. पोरीनं पाणी प्यायला घागर उचलली की नाऊन, झोपायला गादी ओढली की नाऊन. पण त्या वर्षी कागदाची अशी टंचाई की वह्यांसाठी दुकानापुढं रांगा लागायच्या. मुक्ता नवऱ्याकडं वळली.

“तुमच्या गोदामात रद्दी कागद असतील ना?”

मल्लिकार्जुन विचारूनसवरून पिशवीभर लेबलं घेऊन आला. मालाच्या पेट्यांना बांधतात ती. जाड पुठ्ठ्याची, वर भोक, भोकात सुतळी. एका बाजूला ठळक छापलेलं ‘रेल्वे’ आणि त्याखाली कुणीतरी चुकून मारलेला जांभळा शिक्का: कुर्डुवाडी. चुकलेली म्हणून रद्दीत गेलेली. दुसरी बाजू मात्र कोरी, कशी दुधासारखी! मुक्तानं शिक्क्याकडं पाहिलंही नाही.

सोमवारी महानंदा शाळेत गेल्याबरोबर ती कामाला लागली. स्टोव्हला लेबल, कॉमन नाऊन. पोळपाटाला, कॉमन नाऊन. सायकलला, शिवणयंत्राला, कपाटाला, पाळण्याच्या जुन्या कड्यांना, सगळीकडं कॉमन नाऊन. किल्ल्यांच्या जुडग्याला कलेक्टिव्ह नाऊन. मल्लिकार्जुनच्या कोटाला प्रॉपर नाऊन, त्याचं नाव लिहून. नंतर तो तसाच कोट घालून कामावर गेला आणि हमालांनी त्याला दोनदा विचारलं, “साहेब, तुमाला कुटल्या डब्यात चढवायचं?”

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट नाऊन आल्यावर मात्र पंचाईत झाली. जे दिसत नाही, हाताला लागत नाही, त्याला सुतळी बांधायची कुठं? मुक्ता पदवीधर होती. तिनं मार्ग काढला. आरशाला ‘सौंदर्य’. गादीला ‘झोप’. स्टोव्हच्या पिनेला ‘धीर’. सासऱ्यांच्या फोटोला ‘प्रामाणिकपणा’. ते जकात नाक्यावर होते.

“आणि ‘राग’ कशाला बांधलास?” मल्लिकार्जुननं विचारलं.

“अजून ठरायचंय.”

त्यानं लाटण्याकडं बोट दाखवलं आणि लगेच अंघोळीला निघून गेला.

महानंदा शाळेतून आली ती दारातच थबकली. घर देवीच्या जत्रेतल्या नवसाच्या झाडासारखं दिसत होतं. जिकडं बघावं तिकडं लोंबतंय!

“ही घागर कोणता नाऊन?” आईनं दप्तरही उतरवू न देता विचारलं.

“कॉमन.”

“आणि घागर कशाची?”

“पितळेची.”

“पितळ म्हणजे?”

“मटेरियल नाऊन. पण आई, मग घागर कॉमन की मटेरियल?”

मुक्ता क्षणभर घागरीकडं बघत राहिली. घागरीनं काही मदत केली नाही. शेवटी तिनं घागरीला दुसरंही लेबल बांधलं.

पण खरं सांगायचं तर युक्ती लागू पडली! मंगळवारी रात्री जेवताना महानंदा म्हणाली, “बाबा, मीठ मटेरियल आहे, वाटी कॉमन आहे, आणि तुम्हाला लागलीय ती भूक अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आहे.” मल्लिकार्जुनच्या हातातला घास हातातच राहिला. मुक्ताला तर स्वर्ग दोन बोटं उरला.

बुधवारी दुपारी सुंदरम्मा वाटी परत द्यायला आली. बरोबर भाग्या. सुंदरम्मा उंबऱ्यातच उभी राहिली. तिची नजर स्टोव्हवरून कपाटावर, कपाटावरून सायकलवर, सायकलवरून सासऱ्यांच्या फोटोवर फिरली.

‘बघ, बघ म्हणावं!’ मुक्ता मनात म्हणाली. ‘बी.ए. काय असतं ते बघ!’

भाग्यानं शिवणयंत्राचं लेबल हळूच उलटलं, वाचलं आणि आईच्या कानात तेलुगूत काहीतरी पुटपुटली. सुंदरम्माचा चेहरा पडला. असा पडला, असा पडला, की मुक्ताला पाच वर्षांत एवढं समाधान झालं नव्हतं.

“मुक्ताक्का,” सुंदरम्मा घोगऱ्या आवाजात म्हणाली, “एकदम एवढं सगळं? आमाला बोलला पण न्हाय की हो!”

“आधी बोलून कशाला दाखवायचं? करून दाखवावं माणसानं.”

“आनि महानंदा? तिला चालतंय व्हय?”

“चालतंय म्हणजे? उड्या मारतेय ती!”

सुंदरम्मानं पदराचं टोक डोळ्यांना लावलं, वाटी खाली ठेवली आणि निघून गेली.

“जळली!” संध्याकाळी मुक्ता नवऱ्याला सांगत होती. “डोळ्यांतून पाणी आलं हो तिच्या! एवढाही मत्सर बरा नव्हे माणसाला.” आणि हे ती किती गंभीरपणे म्हणाली म्हणता!

गुरुवारी सकाळी मालकीणबाई ईरम्मा आली. तिच्या मागून एक जाडसर गृहस्थ आणि त्यांची काडीसारखी बायको. मुक्ताची खात्रीच पटली. कीर्ती पसरली! लोक पद्धत बघायला यायला लागले!

“या, या ना! नीट आतून बघा,” ती म्हणाली.

“बघू द्या की यव्वा, त्यांनाबी घाई हाय,” ईरम्मा म्हणाली आणि उगाचच मुक्ताच्या पाठीवरून हात फिरवला.

गृहस्थ पावलं टाकून खोली मोजायला लागले. मुक्ताला ते जरा विचित्र वाटलं, पण मोठी माणसं कसाही विचार करतात.

“न्हाणीत पाणी किती वेळ येतं हो?” बाईंनी विचारलं.

“पाणी! वॉटर!” मुक्ता आनंदानं ओरडली. “मटेरियल नाऊन! पाण्याला लेबल बांधता येत नाही, म्हणून पिंपाला बांधलंय, बघा.”

बाई एक पाऊल मागं सरकल्या.

“आणि… ढेकूण वगैरे?”

“एकच असेल तर कॉमन,” मुक्ता म्हणाली, “झुंड असेल तर कलेक्टिव्ह!”

गृहस्थांनी बायकोकडं पाहिलं. बायकोनं दाराकडं पाहिलं. दोघंही नमस्कार करून जिना उतरले, तो एकेक पायरी गाळून. ईरम्मा मागं रेंगाळली. “बाई लई हुशार हाय,” ती स्वतःशीच म्हणाली, “पन मनाला लई लागलंय वाटतं.” आणि डोळे पुसत तीही गेली.

हिलाही मत्सर? ईरम्माला तर नातवंडंसुद्धा नव्हती शाळेत! मुक्ताला पहिल्यांदा कुठंतरी खुटखुट लागली. पण महानंदाची उजळणी बाकी होती.

खुटखुटीचा उलगडा संध्याकाळी झाला, महानंदा खाली खेळायला गेली असताना. जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. आधी पांढराफटक मल्लिकार्जुन आत आला, आणि त्याच्या मागून लालबुंद झालेला हिंदुराव. हा त्याचा गोदामातला जोडीदार. उंचापुरा गडी, दारातून आत यायला मान वाकवावी लागायची. आज रागानं ती वाकेना, म्हणून डोकं आपटलं आणि राग आणखी वाढला.

“वैनी, खरं सांगा! कुनाच्या हातापाया पडून केलं हे?”

“काय केलं भाऊजी?”

“चार वरीस! चार वरीस अर्ज करतोय मी कुर्डुवाडीला बदली द्या म्हणून. माजी म्हातारी तितं, शेत तितं, बायकू तितं. आनि जागा मिळाली कुनाला? ह्या मल्ल्याला! ज्यानं आयुष्यात कवा तोंड उघडलं न्हाय, त्याला!”

“मी सांगतोय ह्याला की मला काहीच ठाऊक नाही,” मल्लिकार्जुन रडकुंडीला येऊन म्हणाला. “हा ऐकतच नाही. सगळं स्टेशन माझं अभिनंदन करतंय!”

“ठाऊक न्हाय?” हिंदुरावानं स्टोव्हचं लेबल पकडून उलटं केलं. “मग हे काय हाय? कपाटाला कुर्डुवाडी! घागरीला कुर्डुवाडी, ती बी दोनदा! आरं, सासऱ्याला पन कुर्डुवाडी!”

मुक्तानं लेबल हातात घेतलं. उलटं केलं. दुसरं पाहिलं. तिसरं पाहिलं. रेल्वेच्या माणसाची बदली झाली की त्याचं सामान असंच बांधून मालडब्यातून जातं, प्रत्येक नगाला लेबल लावून. हे स्टेशनातल्या पोरासोरांना, पेठेतल्या भाजीवाल्यांना, सगळ्यांना ठाऊक होतं. रेल्वेवाल्याची बी.ए. बायको तेवढी नाऊनच्या नादात विसरली होती!

सुंदरम्माचे डोळे. ईरम्माचा पाठीवरचा हात. पावलांनी मोजलेली खोली. सगळं एकदम डोक्यात शिरलं आणि मुक्ता मटकन गादीवर बसली, ‘झोप’ लिहिलेल्या लेबलावरच.

हिंदुरावाला नाऊन समजावून सांगायला अर्धा तास लागला. नाऊन त्याला कळलं नाहीच. पण कुर्डुवाडीची जागा अजून मोकळी आहे एवढं कळलं, तसा त्यानं दोन कप चहा घेतला, मल्लिकार्जुनला मिठी मारली आणि जाताना पुन्हा डोकं आपटून गेला. रागाशिवाय.

“उद्या सकाळी उठल्याबरोबर सगळ्यांना सांगून टाक,” मल्लिकार्जुन म्हणाला. “ईरम्मानं खोल्या दिल्या कुणाला तर रस्त्यावर बसावं लागेल.”

“सांगते तर! पहिलं तेच काम.”

सकाळी सांगणारच होती ती. देवाशपथ सांगणार होती. पण सुंदरम्मा दळणाला गेलेली, ईरम्मा देवळात, आणि अकरा वाजता मधल्या सुट्टीत महानंदा धावत घरी आली, वेणी सुटलेली, श्वास सुटलेला.

“आई! शेखबाईंनी मला घेतलं! उद्या व्यासपीठावर मी!”

मुक्तानं तिला कडेवर घेतलं. दहा वर्षांची घोडी!

“मार्क भाग्याचेच जास्त होते. पण बाई म्हणाल्या, महानंदा आता चालली, तिला शाळेची आठवण राहू दे. भाग्या काय, पुढच्या वर्षीही आहे. आई, आपण कुठं चाललोय?”

मुक्तानं तिला हळूच खाली ठेवलं.

आता बघा. खरं सांगावं, तर व्यासपीठ गेलं. खोटं बोलावं, तर घर गेलं. मुक्ता तेव्हापासून सज्ज्यात येरझाऱ्या घालत होती. भाग्या व्यासपीठावर… टाळ्या… मान हलवणारी सुंदरम्मा… नाही, नाही! मल्लिकार्जुन जेवायला आला तेव्हा निर्णय झाला होता.

“खोटं बोलायचं?” तो घाबरून म्हणाला.

“खोटं कोण बोलतंय? आपण फक्त खरं बोलायचं नाही. उद्यापर्यंत!” आणि महानंदाला जवळ ओढून तिनं बजावलं, “हे बघ, आपण कुठंच चाललेलो नाही. पण साहेब येईपर्यंत कुणाकडं अवाक्षर काढायचं नाही. कळलं?”

“साहेब येईपर्यंत,” महानंदा म्हणाली. पोर गुणी होती, सांगितलेलं नीट लक्षात ठेवायची.

संध्याकाळी पाचला मुक्ताच्या खोलीत बायकांची गर्दी झाली. निरोप! ईरम्मानं खण-नारळानं ओटी भरली. खालची सुगराबी शिरखुर्म्याचं भांडं घेऊन आली आणि म्हणाली, “भाभी, हमारे गैबीसाब का टेम्पो है ना! किराया-बिराया कुछ नहीं. इतवार को सुबह सात बजे सीधा दरवाजे पे!” प्रत्येक नारळागणिक मुक्ताची मान खाली जात होती. सगळ्यांत शेवटी सुंदरम्मा आली. हातात नवी कोरी चादर.

“ह्यांनी दोन दिवस मागावरून उठले न्हाईत,” ती म्हणाली. “महानंदाला तिकडं थंडी वाजंल म्हनून.”

मुक्ताला चादरीचं वजन पेलेना. काहीतरी बोलायचं म्हणून, आणि कित्येक महिने पोटात सलत होतं म्हणूनही, तिनं विचारलं, “सुंदरम्मा, एक सांगाल? भाग्याला इंग्रजी तुम्ही शिकवता तरी कसं?”

“मी?” सुंदरम्मा हसायला लागली. “मला काय येतंय मुक्ताक्का! तीच मला शिकवती की. मला कळलं तरच मी मान हलवती. न्हाय कळलं तर न्हाय हलवत, मग ती परत सांगती. कवा कवा चार-चार डाव सांगती बिचारी. मी लई मठ्ठ हाय ना!”

मुक्तानं पोरीला शंभर प्रश्न विचारले होते. पण एकदाही ‘मला कळलं नाही, सांग’ असं म्हटलं नव्हतं.

“आनि उद्या महानंदाचं बगायला मी पन येनार,” सुंदरम्मा म्हणाली. “शेखबाईंना मीच जाऊन सांगितले, की ती पोर चालली, ह्या डाव तिलाच उभं करा म्हनून. भाग्या पन व्हय म्हनली.”

खोलीत एकदम फार गरम व्हायला लागलं. मुक्तानं तोंड उघडलं. सांगायचं. आत्ताच्या आत्ता सांगायचं! “सुंदरम्मा, ऐका… मी…”

सगळ्या बायका तिच्याकडं बघायला लागल्या. व्यासपीठ डोळ्यांपुढं आलं.

“…मी सरबत करते,” मुक्ता म्हणाली.

शनिवारची सकाळ. हॉल गच्च भरलेला. मागच्या रांगांमध्ये आया. मुक्ताच्या उजवीकडं सुंदरम्मा, मागं ईरम्मा. मुक्ता रात्रभर झोपली नव्हती. तिचे डोळे सुगराबीच्या नवऱ्याच्या टेम्पोच्या दिव्यांसारखे झाले होते, एक लाल, एक मिटलेला.

महानंदा व्यासपीठावर चढली. दोन लाल रिबिनी, इस्त्रीचा झगा. आणि काय सांगू! पाचही प्रकार तिनं असे सांगितले, जशी कुणी घरातल्या माणसांची ओळख करून द्यावी. साहेबांनी मधेच अडवलं, “घागर कोणता नाऊन?”

“कॉमन, सर. पण पितळ मटेरियल. आमच्या घागरीला दोन्ही लेबलं आहेत.”

“वा!” साहेब खुर्चीत पुढं सरकले. “अ‍ॅब्स्ट्रॅक्टचं उदाहरण?”

“धीर. तो स्टोव्हच्या पिनेत असतो.”

हॉलमध्ये हशा आणि टाळ्या. मुक्ताचा ऊर असा भरून आला की ब्लाऊजची शिवण कुरकुरली. हाच तो क्षण! ह्याच्यासाठीच सगळं! तिनं चोरून उजवीकडं पाहिलं. सुंदरम्मा सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती.

मुख्याध्यापिका उठल्या. “साहेब, आमची ही गुणी विद्यार्थिनी वडिलांच्या बदलीमुळं शाळा सोडून चालली आहे. तिचा दाखला आपल्या हस्ते द्यावा, अशी विनंती.”

दाखला? आज? व्यासपीठावर?

साहेबांनी दाखला हातात घेतला आणि मायेनं वाकून मराठीत विचारलं, “कुठं चाललीस बाळ?”

“कुठंच नाही, सर.”

साहेबांनी पुढं केलेला दाखला मागं घेतला.

“कुठंच नाही? मग बदली?”

“बदली झालीच नाही, सर,” महानंदा खणखणीत आवाजात म्हणाली. “पण आईनं बजावलंय, साहेब येईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. आता तुम्ही आलात ना, म्हणून सांगते.”

दीडशे माना वळल्या. एकाच दिशेनं. मुक्तानं जमिनीकडं पाहिलं. शहाबादी फरशी पक्की होती, कुठंही चीर नव्हती. मागून ईरम्मा दबक्या आवाजात म्हणाली, “बरं झालं यव्वा. ती खोलीवाली माणसं पन न्हाय म्हनली. त्या बाईच्या खोलीत ऱ्हाऊन आमचंबी डोकं फिरंल म्हनली.” व्यासपीठावर शेखबाई दाखल्याकडं आणि महानंदाकडं आळीपाळीनं बघत होत्या. साहेबांचे खांदे गदगदा हलत होते, पण तोंडापुढं रुमाल होता.

आता सुंदरम्मा काय म्हणणार? मुक्तानं जीव मुठीत धरला. म्हणू दे. भाग्याची जागा खाल्ली म्हणू दे, चादर परत दे म्हणू दे, भर हॉलमध्ये झिंज्या उपटू दे. हक्कच आहे तिचा.

सुंदरम्मानं तिचा दंड गच्च धरला.

“मुक्ताक्का, जानार न्हाय? खरंच जानार न्हाय?”

मुक्तानं मान हलवली. नाही.

आणि सुंदरम्मा भर हॉलमध्ये, साहेबांसमोर, मुक्ताच्या गळ्यात पडून आनंदानं हमसाहमशी रडायला लागली. तिचं बघून ईरम्मा रडायला लागली. तिचं बघून पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मुक्तालाही रडू यायला हवं होतं. निदान तिलाच आधी यायला हवं होतं. तिनं डोळे मिटले, नाक ओढलं, खूप प्रयत्न केला. एक थेंब येईना! आणि खोटं कशाला बोलू, त्या मिठीत, त्या शरमेत, एवढ्या मोठ्या मनाच्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून तिच्या मनात आलं काय, तर एवढंच:

‘रडण्यातसुद्धा ही बाई पहिली!’